वस्त्रगाळ

मराठीचा प्राध्यापक सोसायटीत राहतो त्याचा इतरांना उपयोग काय, असे कोणी विचारले तर आमच्या सोसायटीजवळ त्याचे उत्तर तयार आहे : सूचनाफलक! लिफ्ट बंद आहे, गच्चीवर गाद्या वाळत घालू नयेत, गणपतीची वर्गणी अजून आलेली नाही, या सगळ्या वाङ्मयाचा कर्ता मी. वर्गात लीळाचरित्राचे गद्य शिकवणाऱ्या माणसाने घरी येऊन ‘दुचाकी आडवी लावू नये’ असे लिहावे, यात मला कमीपणा वाटत नाही. म्हाइंभटांनीदेखील सोपेच लिहिले.

मात्र गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी चेअरमनसाहेब जी फाइल घेऊन आले, ती लिफ्टच्या जातीची नव्हती. जाडजूड, इंग्रजी, मध्ये नकाशे. आमच्या तळघरात पार्किंगच्या मागे सांडपाणी शुद्ध करण्याचा जो प्लँट आहे, तो जुना झाला होता. त्यात आता ‘मेंब्रेन’ बसवावयाचे होते. घरटी वीस हजार रुपये पडणार होते आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी होती.

“सर, याचं एक पान मराठीत करून द्या. बायकांनाही कळलं पाहिजे,” चेअरमन म्हणाले.

“पुरुषांना कळलंय का?” आतून आमच्या सौ.चा आवाज आला.

चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. ते हसले आणि चहाचा कप उचलला.

प्रथम अडखळलो तो शब्दापाशीच. मेंब्रेनला मराठीत काय म्हणावे? परिभाषाकोशात ‘पटल’ सापडते. पण पटल म्हटले की डोळ्याचा दवाखाना आठवतो. ‘पडदा’ म्हणावे तर नाटक. ‘पापुद्रा’ गोड आहे, पण पापुद्र्यासाठी वीस हजार कोण देईल? सौ. म्हणाली, “सरळ गाळणी म्हणा.” तिचे म्हणणे खोटे नव्हते, पण चहाची गाळणी आणि ही गाळणी यांत जे अंतर आहे तेच तर लोकांना सांगावयाचे होते. मला आजीचा शब्द आठवला. सुंठीची पूड ती पातळ धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि त्या पुडीला ‘वस्त्रगाळ’ म्हणायची. पावसाळ्यात नळाला तेच फडके बांधलेले असे, आणि संध्याकाळी ते सोडले की त्यात चिखलाचा लाडू निघे. वस्त्रगाळ! शब्द मिळाला, आता वस्तू पाहिली पाहिजे. न पाहिलेल्या गोष्टीविषयी लिहावयाचे नाही, एवढी शिस्त मी निदान विद्यार्थ्यांना तरी लावतो.

आमच्या या तळघरात चौदा वर्षांत मी फार तर दोनदा गेलो असेन, आणि तेही नाकाला रुमाल लावून. तेथे एक तरुण ऑपरेटर काम करतो. लातूरकडचा, आयटीआय झालेला, पंचविशीतला. सोसायटीत त्याला सगळे ‘एसटीपीवाला’ म्हणतात. मी माहिती विचारायला आलो आहे म्हटल्यावर त्याने एक प्लास्टिकची खुर्ची पुसून पुढे केली. वर्गात मुले माझे ऐकतात त्यापेक्षा मी त्याचे अधिक लक्षपूर्वक ऐकले.

आमची दोनशे बिऱ्हाडे. सरकारी हिशेब घरटी पाच माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असा असतो. म्हणजे रोजचे एक लाख पस्तीस हजार लिटर. त्यातले सुमारे एक लाख लिटर मोरी, न्हाणीघर आणि संडास यांमधून खाली तळघरात येते. आधी ते चाळणीतून जाते. चाळणीत काय सापडते याची यादी त्याने संकोचत सांगितली : केस, धागे, बाळाचे ओले पुसणे, शाम्पूच्या पुड्या, एकदा सोन्याची कुडी. (ती त्याने परत केली होती, चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना ती गटारातून आली हे मात्र सांगितले नव्हते.) पुढे मोठ्या टाकीत त्या पाण्यात खालून हवा सोडतात. पाणी खदखदते, तपकिरी दिसते. “हा रंग चांगला, सर,” तो म्हणाला. “काळा झाला तर समजायचं, जीव मेले.”

जीव म्हणजे जिवाणू. सांडपाण्यातली घाण खातात ते हेच. माणूस केवळ त्यांना हवा पुरवतो. इंग्लंडात मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली हे शोधून काढले. नुसती हवा सोडून मैलपाणी पुरते शुद्ध व्हायला त्यांना पहिल्या खेपेस पाच आठवडे लागले होते. मग त्यांनी तळाशी बसलेला गाळ फेकून न देता तसाच ठेवला आणि त्यावर नवे मैलपाणी ओतले. असे करता करता काम एका दिवसाच्या आत येऊन ठेपले. आपल्या घरात याला विरजण म्हणतात. चमचाभर दही मागे ठेवायचे ही गोष्ट आपल्या आयाबायांना ठाऊक होतीच. त्यांनी ती मोरीच्या पाण्याला लावून पाहिली नाही, इतकेच.

आता खरी अडचण. पाणी शुद्ध झाले तरी त्यात हे विरजण मिसळलेलेच असते. ते वेगळे कसे काढायचे? जुन्या पद्धतीत पाणी एका शांत टाकीत सोडतात. गाळ आपोआप खाली बसतो, वरचे नितळ पाणी घ्यायचे. ताकातली निवळी काढावी तसे. पण गाळ शहाण्यासारखा खाली बसेल तर ना! जिवाणूंमध्ये काही दोऱ्यासारखे लांब असतात. ते माजले की गाळ फुगतो आणि कापसासारखा वर तरंगतो. दिवाळीत तर पाहायलाच नको. दोनशे घरांतले तळण, दोनशे घरांतले अभ्यंगाचे तेल, आणि त्यावर पाहुणे येणार म्हणून संडासात सढळ हाताने ओतलेले ॲसिड! जिवाणूंची दिवाळी अशी होते. पुढे आठवडाभर आमच्या फ्लशच्या टाक्यांतून वास यायचा. तक्रारी इतक्या वाढल्या की समितीने शुद्ध केलेल्या पाण्याची ती नळवाट बंदच करून टाकली, आणि संडासात ओतायलाही टँकरचे विकत पाणी वापरू लागलो. एप्रिल-मेमध्ये दारात टँकरची रांग लागे आणि खाली तळघरात रोजचे लाखभर लिटर पाणी नाल्याला जाई, नाल्यातून नदीला.

पुण्याला पाण्याची गोष्ट नवी नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून शहरात पाणी आणले, त्याचे कौतुक शाळेच्या पुस्तकातही असते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हाच्या पुराच्या आणि नंतरच्या कोरड्या नळांच्या आठवणी आमच्या घरी अजून निघतात. आलेले पाणी आणि न आलेले पाणी, दोन्हींचा इतिहास आपण लिहून ठेवतो. वापरून झालेले पाणी कोठे जाते याचा उल्लेख मात्र बखरीत नाही. ‘सांडपाणी’ हा शब्दच पाहा : जे सांडले ते. सांडले म्हणजे आपला संबंध संपला.

नव्या पद्धतीत ही गाळ बसण्याची टाकीच नाहीशी होते. तिच्या जागी तपकिरी पाण्यात थेट बुडवून ठेवायचे ते आमचे वस्त्रगाळ. ऑपरेटरने मला कंपनीचा नमुना दाखवला. पांढऱ्या, आतून पोकळ, दोरीएवढ्या जाड नळ्यांचा झुबका. काठीवर वाळत घातलेल्या शेवयाच जणू. या शेवयांच्या भिंतींना भोके असतात, पण ती डोळ्याला दिसत नाहीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा. आणि हे भोक ०.०४ मायक्रॉनचे. एका केसाच्या जाडीत अशी हजारावर भोके ओळीने बसतील. नळीच्या आतून पंप हलकेच ओढ लावतो. पाणी भिंतीतून आत येते, जिवाणू बाहेर राहतात. गाळ बसो वा न बसो, त्याच्या मर्जीवर आता काही अवलंबून नाही. त्यामुळे टाकीत विरजण दुप्पट-तिप्पट दाट ठेवता येते आणि तेवढ्याच जागेत जास्त पाणी शुद्ध होते. आमच्यासारख्या तळघरात, जेथे एक मोटार लावायला जागा नाही, तेथे हे फार मोठे.

ही युक्तीही एका माणसाला सुचावी लागली. साठीच्या दशकात अमेरिकेत मेंब्रेनचे प्रयोग झाले होते, पण तेव्हा पाणी बाहेर काढून मोठ्या दाबाने त्यातून ढकलीत. विजेचे बिल परवडेना. १९८९ साली जपानच्या काझुओ यामामोतो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नळ्या टाकीतच बुडवल्या आणि ढकलण्याऐवजी ओढले. खालून येणारी हवा जिवाणूंना श्वासही देते आणि नळ्यांवरचा गाळ झाडूनही काढते. एका झाडूत दोन कामे.

मी ऑपरेटरला विचारले, “तुला काय वाटतं? बसवावं का?”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बसवा, सर. ती बसायची टाकी जाईल ना मग.”

या वाक्यात मला काही विशेष वाटले नाही. पण त्याने ते दोनदा म्हटले, म्हणून मी खुर्चीवरून उठलो नाही.

दीड वर्षापूर्वी त्या टाकीच्या तळाचा नळ तुंबला होता. ठेकेदाराने फोनवर सांगितले, “उतरून बघा.” हा आणि एक मदतनीस मुलगा, दोघे शिडीने उतरले. “वास येतो तोवर ठीक असतं, सर. वास यायचा बंद झाला की भ्यायचं.” हे त्याचे शब्द. मी नंतर वाचले, ते अक्षरशः खरे आहे. सडक्या अंड्यासारखा वास असलेला तो हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की आधी नाकाची संवेदना मारतो आणि मग माणसाला. वास गेला म्हणून हायसे वाटावे, तोच क्षण घातकी! मदतनीस मुलगा गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. याने त्याच्या काखेत दोर अडकवला, स्वतः कसाबसा वर आला आणि रखवालदाराला हाक मारून दोघांनी त्याला ओढून काढले. मुलगा वाचला. ठेकेदाराने दोघांना दोन दिवसांची रजा दिली; हजेरीत लिहिले, ‘ताप’. मुलगा पुन्हा कामावर आला नाही.

हे आमच्या पायांखाली, तीस फुटांवर घडले होते. मी तारीख विचारली. त्या रात्री वर क्लबहाऊसमध्ये कोजागिरीचे मसालादूध होते. निमंत्रणाचा मजकूर अर्थात माझा.

घरी येऊन मी ते एक पान लिहिले. पाण्याचा हिशेब लिहिला, टँकरचा लिहिला. माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी नुसत्या फ्लशला धरतात, ते सगळे यातून भागेल, हे लिहिले. तोटेही लिहिले : वीज आजच्यापेक्षा जास्त लागेल, नळ्या आठ-दहा वर्षांनी बदलाव्या लागतील, मधून मधून त्या क्लोरीनने आणि सायट्रिक ॲसिडने धुवाव्या लागतील. आणि हे पाणी प्यायचे नाही, कारण जिवाणू अडले तरी पाण्यात विरघळलेले क्षार त्या भोकांतून सहज जातात. शेवटी दोन वाक्ये घातली : ‘यापुढे आपल्या कोणत्याही टाकीत माणूस उतरणार नाही. टाक्यांची सफाई बाहेरून, सक्शनच्या गाडीनेच होईल व तिचा खर्च देखभालीत धरला आहे.’

चेअरमनांनी पान वाचले, ‘वस्त्रगाळ’ला मान डोलावली आणि शेवटच्या दोन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

“हे काढू या, सर. लोक विचारतील, म्हणजे आजवर उतरत होते का? उगाच चर्चा. फ्लॅट विकणाऱ्यांचीही अडचण.”

“उतरत होते,” मी म्हणालो, आणि हकीकत सांगितली.

ते खरोखरच हादरले. पण बँकेत आयुष्य गेलेला माणूस हादरला तरी नियम पाहतो. २०१३ चा कायदा गटार आणि सेप्टिक टँक यांच्यासाठी आहे, आपली टाकी प्लँटची, असे ते म्हणाले. मी म्हणालो, वायूला हा फरक कळत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. तेव्हा नुसता हिशेबच पाहायचा तर सक्शनची गाडी स्वस्त. हा शेवटचा मुद्दा मांडताना मला स्वतःचीच थोडी शिसारी आली. पण पटला तो नेमका तोच.

“वाक्ये राहू द्या,” ते म्हणाले. “मात्र खर्चाच्या रकान्यात.”

“रकान्यात नको. ठराव म्हणून घ्या.”

बराच वेळ आम्ही दोघे बोललो नाही. शेवटी त्यांनी रबराने रेघ खोडली.

सभा झाली ती चहा-बिस्किटांच्या साक्षीने. एक निवृत्त वीजमंडळवाले विजेच्या युनिटांवर अर्धा तास बोलले, आणि त्यांचे आकडे बरोबर होते. एक तरुण म्हणाला, सिंगापूरचे लोक हे पाणी पितात, आपण फ्लशलाही नाक मुरडतो. त्याचे बरेचसे खरे आहे. २००२ च्या राष्ट्रीय दिनी तेथे पंतप्रधानांसह हजारो लोकांनी हे शुद्ध केलेले पाणी जाहीरपणे पिऊन दाखवले. फक्त तेथे मेंब्रेननंतर ‘आरओ’ आणि अतिनील किरण अशा आणखी दोन पायऱ्या असतात, आणि बहुतेक पाणी कारखान्यांना जाते. आफ्रिकेत नामिबियातल्या विंडहुकचे लोक तर १९६८ पासून आपलेच पाणी शुद्ध करून पीत आले आहेत. तेथे नदीच कोरडी, तेव्हा सोवळे परवडणार कोणाला? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र एकच विचारले : “ते पाणी तुळशीला घालायचं का?” यावर जे मतभेद झाले ते टँकरवर झाले नव्हते. बागेला चालेल, तुळशीला ज्याने त्याने ठरवावे, असा तोडगा निघाला.

माणसाने टाकीत न उतरण्याचा ठराव चौथा होता. चेअरमनांनी तो स्वतः वाचला, हकीकतीसह. कोणी काही बोलले नाही. काकूंनी हात वर केला, मग सगळ्यांचे झाले. मिनिटभरात संमत. इतिवृत्तात त्याची एक ओळ आहे. तुळशीच्या चार आहेत.

काम व्हायला पाच महिने लागले. पहिल्या दिवशी ऑपरेटरने काचेच्या बाटलीत पाणी भरून आणले. डाव्या हातात टाकीतले तपकिरी, उजव्यात हे. पलीकडे धरलेले वर्तमानपत्र वाचता येत होते. पाहायला बरीच मंडळी आली. मुलांनी वास घेऊन पाहिला आणि वास नाही म्हणून ती थोडी हिरमुसली.

गर्दी पांगल्यावर तो म्हणाला, “सर, २०१६ ला आमच्याकडं रेल्वेनं पाणी आणलं होतं. मी शाळेत होतो. बघायला गेलतो आम्ही.” मिरजेहून लातूरला एप्रिलमध्ये गेलेली ती पहिली पाण्याची गाडी मलाही आठवत होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी मनात भागाकार केला : आमच्या सोसायटीचे पावणेचार दिवस. त्याने तो भागाकार कधीच केलेला असावा. रोज मीटर तोच वाचतो. पण तो तेवढेच बोलला आणि पंपाच्या काट्याकडे पाहू लागला. नळ्यांवर थर चढला की पंपाला जास्त ओढ लावावी लागते आणि काटा सरकतो. सर्वांत वाईट थर तेलाचा, असे त्याने सांगितले.

म्हणून यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी फलकावर माझे नवे वाङ्मय प्रसिद्ध झाले : ‘तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. लिफ्टजवळ डबा ठेवला आहे.’ डबा पाच लिटरचा होता. नरकचतुर्दशीलाच तो भरला आणि दुसरा ठेवावा लागला. पाडव्याला सकाळी मी फराळाचे ताट घेऊन तळघरात उतरलो, तेव्हा ऑपरेटर दोन्ही डबे बाजूला काढून झाकणे लावीत होता. एकात कोणीतरी तेलाबरोबर करपलेल्या चकल्याही सोडून दिल्या होत्या. त्याने हात पुसून ताट घेतले आणि काट्याकडे बोट दाखवले.

“हलला नाही, सर.”